दहीभाताचा डबा

दाढ दाखवायला दंत महाविद्यालयात गेले होते. बाकावर शेजारी एक जोडपं बसलं होतं. वर्षानुवर्षं गुटखा खाऊन नवऱ्याचा जबडा आखडला होता. जेमतेम एक बोट शिरेल एवढंच तोंड उघडायचं. बायको त्याला चमच्याच्या टोकाने दहीभात भरवत होती आणि प्रत्येक घासाला नकळत स्वतःच 'आ' करत होती.

"झोंबत नाही ना?" तिने विचारलं. त्याने मान हलवली.

बाळाला भरवताना आयाही असाच 'आ' करतात. पण समोरचं इवलं तोंड उद्या आणखी मोठं उघडणार, हे त्यांना ठाऊक असतं. हिच्यासमोरचं तोंड दिवसेंदिवस मिटत चाललं होतं, तरी ती आपली 'आ' करतच होती.

एवढ्यात एक शिकाऊ डॉक्टर मुलगी त्याच्या गालातल्या गाठीचा रिपोर्ट घेऊन दारात आली. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "काकू, तुम्ही एकट्याच आत या जरा."

डबा त्याच्या मांडीवर ठेवून बायको गेली. त्याने बंद झालेल्या दाराकडे बघितलं. मग दातांच्या फटीतून एकेक शब्द सोडवत मला म्हणाला,

"ताई, आत जाऊन सांगता का? तिला आधी जेवू द्या म्हणावं. सकाळपासून उपाशी आहे ती."