गहिनीनाथाचं मोकळं खोगीर

चौसाळ्याच्या गहिनीनाथाला पलटणीत जायचं होतं. नगरला भरतीला गेला, तर साहेबानं डाव्या डोळ्यातलं फूल बघितलं आणि हातानंच 'जा' म्हणून सांगितलं. बरं, आला तसा गप शेतीला लागावं की नाही? पण हौस वाईट असते बघा. लढायला नाही नेलं तर लढणाऱ्यांचा मान तरी आपण करू, असं त्यानं मनाशी धरलं. किराणा दुकानवाला रेवणप्पा आणि आणखी तिघं त्याला येऊन मिळाले. पाच जण, पाच घोडी. पगार नाही, कुणाचा हुकूम नाही. पहिल्या जर्मन लढाईत तिकडं इराकात, बसऱ्याकडं कुणी पडल्याचा कागद तहसिलीतून आला, की हे पांढरे फेटे बांधून त्याच्या गावच्या वेशीत हजर.

पडलेल्याची माती तर तिकडंच, परमुलखात झालेली. मग गहिनीनाथानं तोड काढली. आपल्या अबलख घोडीवर खोगीर कसायचं, त्यावर मेलेल्याचा फेटा बांधायचा आणि लगाम धरून आपण पायी चालायचं. पुढं संथ हलगी, मागं चार स्वार. दोन वर्षांत सात घरांपुढं ती घोडी अशी उभी राहिली. ती दिसली की लेकरंसुद्धा खेळ थांबवायची. लोक म्हणायचे, मरावं तर असं. मरणाऱ्याला कुणी विचारलं होतं? जित्याला पुसायचं नाही अन् मेल्याला मिरवायचं, ही आपली जुनीच खोड.

लढाई सरली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात छबुबाई त्याच्या दारात आली. रंडकी बाई, एकुलता एक लेक सुग्रीव, तोही पलटणीत. पत्र आलं होतं, जखमी आहे पण येतोय. नगर-पाटोद्याकडून बैलगाडीनं सोमवारी मांजरसुंब्याला पोचतोय. दोन वर्षांत गहिनीनाथाच्या दारात हसत आलेलं हे पहिलं माणूस. तिनं पेटीतला लेकाचा गुलाबी फेटा त्याच्या हातात दिला.

"घोडीवर बसवून आण बाबा. गावाला बघू दे, माझा जिता आलाय."

गहिनीनाथाला आभाळ ठेंगणं झालं. हलगीवाल्याला वेशीत थांबायला सांगून पाचही जण भल्या सकाळी निघाले.

मांजरसुंब्याला गाडी भेटली. सुग्रीवानं अंगावरचं कांबळं बाजूला केलं, आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. उजवा पाय जांघेपासून गेलेला. दोघांनी उचलून खोगिरावर बसवला, तर एका अंगाला घसरला. दुखण्यानं तोंड पांढरंफटक पडलं. राहू द्या, म्हणाला, गाडीतच बरा हाय.

शहाण्या माणसानं मुकाट्यानं घोडी गाडीच्या मागं बांधली असती. पण गावाला शब्द दिलेला, वेशीत हलगी उभी! गहिनीनाथानं तो गुलाबी फेटा खोगिराला बांधला आणि लगाम धरून पुढं झाला. सुग्रीवानं एकदा सांगून बघितलं, घोडी मागं ठिव. तर म्हणे, मान पुढंच चालत असतो. मान! पाच-सहा कोसांची वाट, बैल नगरापासून थकलेले. चौसाळा दिसायला लागलं तेव्हा गाडी अर्धा कोस मागं पडली होती.

हलगीवाल्यानं नाचाचा ठेका धरायला हात उचलला. त्याला खोगीर दिसलं, आणि हात आपोआप संथ ठेक्यावर पडला. बायांनी पदर तोंडाला लावले. आता तरी गहिनीनाथानं तोंड उघडायचं की नाही? मागं गाडी येतीय, जिता हाय, एवढंच बोलायचं होतं. पण एवढी गर्दी, एवढी शांतता त्यानं त्या सात जणांच्या वेळीही पाहिली नव्हती. त्याची पाठ ताठ झाली. तोच सांगेल म्हणून मागच्या चौघा स्वारांनीही सवयीनं रांग धरली. मारुतीच्या पारापर्यंत जाऊ, मग सांगू, लोकांना दुप्पट आनंद होईल, असं त्याला वाटलं. तीस-चाळीस पावलं असतील. त्याला ते गोड लागलं, हे त्यानंच म्हातारपणी रडत सांगितलं, म्हणून कळलं.

छबुबाई भाकरतुकडा घेऊन आपल्या दारात उभी होती. तिथून रस्ता सरळ दिसतो. तिनं हातातलं पायरीवर ठेवलं आणि आत गेली. कुणाचं लक्षही गेलं नाही.

पारावर गहिनीनाथानं हसत सांगितलं. एकच कल्ला झाला. रेवणप्पा छबुबाईला सांगायला पळत सुटला. घर उघडं होतं. परसातल्या आडाचं पाणी अजून हलत होतं.

तिला वर काढली तेव्हा सुग्रीवाची गाडी वेशीतून आत येत होती.

गहिनीनाथाला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हातारीनं जरा दम धरायचा होता, असंही म्हणणारे निघाले. लोकांच्या जिभेला काय हाड आहे?

सकाळी विस्तवाचं मडकं घेऊन तिरडीपुढं लेकानं चालायचं. कुणी गाडी जुंपू म्हणालं, सुग्रीवानं मान हलवली. तेवढ्यात गहिनीनाथ न बोलावता आला आणि त्याच्यापुढं पाठ करून खाली बसला. आता सुग्रीव त्याच्यावर थुंकतोय, असंच सगळ्यांना वाटलं. सुग्रीवानं एका हातानं त्याचा गळा धरला, दुसऱ्या हातात मडकं घेतलं.

मसणवटा लांब. एकदाचं उरकावं म्हणून गहिनीनाथ भराभरा पावलं टाकत होता. सुग्रीव त्याच्या कानाशी बोलला.

"हळू चाल, गहिनीदादा. आता माझी वाट बघणारं कुणी न्हाई."