बाळाराम काकांचा उजवा पाय

किस्से लिहून ठेवायची मला सवय नाही. पण आठवड्यातले पाच दिवस अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर असं लोकांचे तळपाय बघत फिरलं की ते आपोआप साचतात. मैत्रिणींना सांगितले तर निम्म्या म्हणतात, "ई!" आणि उरलेल्या म्हणतात, "अजून एक सांग ना!"

इंजिनीअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का, ते विचारू नका; घरातले विचारून दमलेत. सध्या एका छोट्या संस्थेत आहे. आमच्या प्रमुख वैशाली सिस्टर, वॉर्डात जन्म काढून रिटायर झालेल्या. काम सोपं आहे. शुगर जुनी झाली की पायांची जाणीव जाते. काटा टोचला, चटका बसला, कळतच नाही. जखम चिघळते आणि शेवटी पाय कापतात. म्हणून तळपाय रोज बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, अनवाणी फिरू नका. तीन वाक्यं! चौथीतलं पोर पाठ करेल. पण आमचे विद्यार्थी साठीच्या पुढचे, आणि त्यांना आधीच सगळं येतं.

त्यातल्या एका पायाने माझं डोकं खाल्लं. मोरिवलीच्या बाळाराम काकांचा उजवा पाय. करंगळी आधीच गेलेली. अंगठ्याखालची जखम कशीबशी भरत आलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ही परत फुटली तर घोट्याच्या वरून कापावा लागेल." आणि चैत्रात गावदेवीची जत्रा. पालखीचा पुढचा उजवा खांदा हा काकांच्या घराचा मान. अनवाणी. डांबरी रस्त्यावर. भर दुपारी!

*

मोरिवलीतला आमचा पहिला वर्ग. मी एका आजींच्या पायाशी वाकले, तळवा बघायला. आजींचा हात थेट माझ्या डोक्यावर! "लवकर लगीन होऊ दे."

"आजी, मी पाया पडत नाहीये. पाय तपासतेय."

"हो गं बाय. चांगला नवरा मिळू दे."

पुढचे आजोबा, तेच. त्यांच्या शेजारच्या आजी, तेच. कोणी वाकलं की यांचा हात आपोआप उठतो, खाली काय चाललंय ते बघायची गरज नाही! त्या दिवशी सतरा जणांचे पाय तपासले, सतरा आशीर्वाद मिळाले. सोळा लग्नाचे.

सतरावे बाळाराम काका. म्हणाले, "लवकर अक्कल येऊ दे."

*

पायाला जाणीव आहे का, ते बघायला आमच्याकडे नायलॉनचा एक जाड दोरा असतो. रुग्णाने डोळे मिटायचे. दोरा तळव्याला टेकला की "हो" म्हणायचं.

काकांच्या घरी ही परीक्षा घेतली. दहापैकी दहा! मी खूश. सिस्टर मात्र काकूंकडे बघत होत्या. काकू काकांच्या शेजारी बसलेल्या, आणि दोरा टेकला की बरोबर त्याच वेळी त्यांना खोकला येत होता.

"काकू, जरा चहा टाकता का?" सिस्टर म्हणाल्या.

काकू आत गेल्या. परीक्षा पुन्हा. आता काका गप्प. मी टाच, चवडा, अंगठा, सगळीकडे दोरा टेकवला. काका डोळे मिटून शांत, जणू पाय त्यांचा नाहीच. सत्तर वर्षं शेतात, चिखलात, कंपनीत राबलेला पाय, आणि मालकाला तो आहे की नाही तेही कळत नाही!

मी दोरा बाजूला ठेवला. तेवढ्यात आतून, भांड्यांच्या आवाजातून, खोकला आला.

काका ठणकावून म्हणाले, "हो!"

*

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एक चाचा आहेत. त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना. आम्ही गेलो तेव्हा ते एका कारागीर मुलीवर तोंडसुख घेत होते. "सँपल का बटन किधर गया? सुबह से ढूंढ रहा हूँ! तुम लोगों का ध्यान किधर रहता है?" ती बिचारी मशीनखाली वाकून शोधत होती.

सिस्टर म्हणाल्या, "चाचा, आधी बूट काढा."

चाचांनी काढला. मी सवयीने उलटा करून झटकला. टण!

जीन्सचं पितळी बटण. चाचांचा तळवा बघितला तर तिथे गोल खळगा, आणि बटणावरची अक्षरं उलटी उमटलेली. वाचता येत होती! सकाळपासून माणूस त्या बटणावर उभा राहून तेच बटण शोधत होता.

चाचांनी पाय मांडीवर घेतला आणि त्या उलट्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्या मुलीला म्हणाले, "सॉरी बेटा."

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या म्हाताऱ्याला तरुण माणसाची माफी मागताना बघितलं. मधुमेहाचे असे फायदे पुस्तकात लिहीत नाहीत.

*

बदलापूरचे एक रिटायर मास्तर. मी बोलायला लागले की ते विचारायचे, "शिक्षण किती तुमचं?" मी सांगायचे, "अर्धवट." ते हसायचे आणि इतरांना सांगायचे, "गरम पाण्यात पाय शेका, सगळं बरं होतं."

दोन आठवडे मास्तर आलेच नाहीत. आम्ही घरी गेलो. दारातच वास आला. पायाला हळदीचं फडकं. शेकता शेकता पाय भाजला होता, कळलंच नव्हतं. आणि नंतर, स्वतःच्या सल्ल्याने भाजला हे सांगायची लाज वाटत होती. लाजेपायी माणूस पाय कुजवत बसला! मास्तर असले म्हणून काय झालं?

सिस्टर फरशीवर बसल्या, हातमोजे चढवले, मांडीवर टॉवेल पसरला आणि तो पाय मांडीवर घेतला, एखादं बाळ घ्यावं तसा. "काय जेवलात आज?" असं विचारत फडकं सोडायला लागल्या. मास्तर रडायला लागले. मी बाहेर पळाले आणि गटारात ओकले.

आतून सिस्टरचा आवाज, "झालं का ओकून? ये, टॉर्च धर."

मी धरला. मास्तरांचा पाय वाचला. परवा ते नव्या माणसाला सांगत होते, "पाणी आधी दुसऱ्याला हात घालून बघायला सांगायचं. मी संशोधन केलंय त्यावर!"

*

जत्रेला आठ दिवस राहिले तेव्हा मी काकांच्या ओट्यावर जाऊन भांडले.

"काका, पाय जाईल."

"जाऊ दे. मना पोरगा नाय. मी खांदा सोडला का मान भावकीत गेला. माझ्या बापानं उचलली पालखी, त्याच्या बापानं उचलली."

"तुमच्या वडिलांना शुगर होती?"

"होती की! तरी उचलली."

"मग शेवटी त्यांना पाय किती होते?"

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एक."

*

तरीही जत्रेच्या दुपारी काका अनवाणी आले आणि पालखीखाली उभे राहिले. भावकीतला, काकांच्या चुलत्याचा मुलगा मागेच घुटमळत होता. काका कधी हटतायत याचीच वाट बघत होता. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. सिस्टर माझ्या शेजारून चालत होत्या.

तिथली रीत अशी : पालखी दारात आली की ती टेकवतात, आणि घरची बाई पालखीवाल्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतते. पहिल्या दारातल्या बाईने पाणी ओतलं आणि खालीच बसली. काकांचा उजवा पाय उचलला, तळवा उलटा करून बघितला, पदराने बेचक्या पुसल्या. "चला," म्हणाली. दुसऱ्या दारात तसंच. तिसऱ्या दारात तसंच. ढोल थांबायचा, सगळा गाव थांबायचा, एक बाई एका म्हाताऱ्याचा तळवा वाचायची, आणि मग देवी पुढे जायची.

मी सिस्टरकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मी नाही सांगितलं."

चौथ्या दारातली बाई पाय बघून उठलीच नाही. तिने हाक मारली, "काकू! लाल झालंय."

काकू गर्दीतून पुढे आल्या. हातात काकांच्या चपला. त्या त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. काका काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी चौथ्या दाराकडे बघितलं, मागच्या तीन दारांकडे बघितलं. सगळ्या बाया उंबऱ्यात उभ्या होत्या. काकांनी निमूट चपला घातल्या आणि बाजूला झाले.

चुलत्याचा मुलगा लगेच पुढे सरकला. काकूंनी पदर खोचला आणि त्याच्याआधी दांड्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

देवीचा भगत ओरडला, "बाईमानूस? पालखीला?"

काकू म्हणाल्या, "मान घराचा हाय ना? मंग, घर आलंय."

भगताने एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि ढोलवाल्याला वाजवायला हात केला.