परवानाधारक सासरे

माझ्या सासऱ्यांइतका कायदा पाळणारा माणूस मुरबाड तालुक्यात झाला नाही आणि त्यांच्याइतका बंदुकीच्या नादी लागलेला माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात होणार नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा सुखाने नांदत होत्या, हे मी अगदी जवळून, म्हणजे त्यांच्याच घरात राहून पाहिलेलं आहे. मी मूळचा शहापूरचा. मुरबाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला आलो, त्यांच्या धाकट्या मुलीशी लग्न झालं, आणि सासूबाई गेल्यावर आम्ही म्हसा गावच्या वाटेवरच्या त्यांच्या खेड्यात राहायला गेलो. गावात लोक मला घरजावई म्हणत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण त्या घराची खरी मालकीण माजघरातल्या दोन खुंट्यांवर आडवी पहुडलेली असे, आणि आम्ही सगळेच, सासऱ्यांसकट, तिच्या घरी राहायला होतो.

ती ठासणीची बंदूक होती. शेताच्या राखणीसाठी सासऱ्यांना तिचा परवाना मिळाला होता आणि हा परवाना त्यांनी आयुष्यात मिळवलेली एकमेव पदवी असल्यासारखे ते तो बाळगत. ठासणीची बंदूक म्हणजे काय हे माझ्यासारख्या अडाण्याला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी लांब लोखंडी गजाने ठासायचं. शेवटी मागे ठिणगी पाडणारी टिकली बसवायची. एवढं सगळं करून एकच बार निघतो. मी भीत भीत म्हटलं, "मामा, आता नव्या बंदुका मिळतात ना, झटकन भरता येणाऱ्या?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "जावईबापू, झटकन भरली तर माणूस झटकन मारतो. हिला भरस्तवर डोक्यातला राग उतरतो. मंग इचार येतो, जाऊ दे, जेवायला जाऊ. म्हून ही बंदूक शहाणी." जगातल्या यच्चयावत सैन्यांना ठासणीच्या बंदुका दिल्या तर लढाया जेवणाच्या वेळेपर्यंत आटपतील, असं त्यांचं ठाम मत होतं. मला ते अजूनही खोडून काढता आलेलं नाही.

माणसं आणि जनावरं यांची पारख ते आवाजावर करत. म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला गेले की दात, वशिंड, शेपटी हे सगळं इतरांवर सोपवून ते बैलाच्या मागे जाऊन उभे राहत आणि दोन फळ्या एकमेकींवर अशा हाणत की आजूबाजूचे व्यापारी शिव्या देत. बैलाने कान हलवला तर चालेल, पाय हलवता कामा नये, हा नियम. हाच नियम त्यांनी तिन्ही जावयांना लावला होता. मुलगी पाहायला पाहुणे आले, पोहे हातात आले, की घराच्या मागे बांधावर बार निघे. थोरल्या जावयाने म्हणे बशीच टाकली. मधला उठून दारापर्यंत गेला आणि मग पाण्याचं निमित्त केलं. मी मात्र जागचा हललो नाही. माझ्या हातातला चमचासुद्धा हलला नाही. "पोरगा आपला," असं सासऱ्यांनी तिथेच जाहीर केलं. माझे हातपाय भीतीने गार पडले होते, हे सांगायची ती वेळ नव्हती. पुढे बरीच वर्षं ती वेळ आलीच नाही.

त्यांच्या आठवणींत एक बिबट्या होता. माळशेजच्या बाजूच्या रानात तरुणपणी तो त्यांना समोरासमोर भेटला होता. मी लग्न होऊन आलो तेव्हा तो मध्यम बांध्याचा होता. माझा मुलगा शाळेत जायला लागेपर्यंत तो चांगला वाढला. पण गोष्टीचा शेवट मात्र त्यांनी कधी बदलला नाही. बंदूक भरलेली होती, टिकली बसवायची राहिली होती आणि टिकल्यांची डबी कमरेच्या गाठीत अडकली होती. "मंग?" असं कुणीतरी विचारायचंच. "मंग काय. त्यानं माझ्याकं बघितला, मी त्याच्याकं. दोघांना पण कामं होती." इथे इतर शिकारी ज्या बढाया मारतात त्यातलं एक अक्षर नाही. या माणसाबद्दल माझ्या मनात जो धाक होता तो बंदुकीमुळे नव्हता, या अशा वाक्यांमुळे होता. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर रविवारी पिक्चर लागला आणि हिरो धडाधड गोळ्या झाडू लागला की ते उठून उभे राहत आणि विचारत, "यानं भरली कवा?" मग ते घरी निघून येत, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यानंतर बाकीच्यांनाही त्या मारामारीत राम वाटत नसे.

भात पिकायला लागलं की त्यांचा खरा हंगाम सुरू होई. डोंगराच्या अंगाने रानडुकरं उतरत आणि एका फेरीत आख्खी खाचरं लोळवून जात. सासरे रोज दिवस कलला की बांधावर जात, शांतपणे बंदूक ठासत आणि हवेत एक बार काढत. एवढंच. डुकरं मारायची त्यांना परवानगी नव्हती, म्हणून त्यांना मारायची इच्छाही नव्हती. कायद्याने जे करता येत नाही ते त्यांच्या मनातही येत नसे. पण तो एक बार डोंगराला जाऊन धडकला आणि मागे परतला की त्यांच्याच नव्हे, शेजारच्या चार घरांच्या खाचरांतही डुकरं फिरकत नसत. डोंगराखालच्या पाड्यावरच्या बायका म्हणत, "म्हाताऱ्याचा बार झाला, आता निजायला हरकत नाय."

आणि नेमकी ह्याच हंगामात एका वर्षी विधानसभेची निवडणूक आली. आचारसंहिता लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस स्टेशनात जमा करायच्या. सासऱ्यांनी बंदूक स्वच्छ धोतरात गुंडाळली आणि आम्ही एस.टी.ने मुरबाडला निघालो. त्यांनी बंदुकीला खिडकीकडची जागा दिली आणि कंडक्टरकडे तिचं अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टर नको म्हणाला तर ते म्हणाले, "फुकट नाय न्यायची. ती सरकारकं चालली." पुढे मतदान होईपर्यंत दर बाजारच्या दिवशी ते शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन पोलीस स्टेशनात हजर होत. तिथला हवालदार आधी हसला, मग कंटाळला, आणि शेवटी स्वतःच बंदूक टेबलावर आणून ठेवू लागला. सासरे फडक्याने तिला तेल लावत आणि हवालदार शेजारी हाताची घडी घालून उभा राही. इकडे गावात डुकरांनी त्यांची खालची दोन खाचरं साफ केली. ते रिकामा डबा बडवत बांधावर फिरले, पण डुकरांना फरक कळत होता. शेजारी सरकारला शिव्या देऊ लागले तर सासऱ्यांनी त्यांनाच झापलं. "मत कोन देनार, आपन. मंग आचारसंहिता पन आपल्यालाच. डुकराला कशी लागंल?" मतदानाच्या दिवशी ते सकाळी सगळ्यांच्या आधी रांगेत होते, आणि बोटावरची शाई वाळायच्या आत बंदूक मागायला मुरबाडला. ती निकालानंतर मिळते म्हटल्यावर ते तसेच परत आले, आणि घरी येऊन एकेका उमेदवाराच्या तब्येतीची चौकशी करावी तसे रेडिओला चिकटून बसले.

पुढे वयाने त्यांचे हात थरथरायला लागले. गज नळीत नेमका जाईना, दारू अंगणात सांडू लागली. परवान्याचं नूतनीकरण आलं तेव्हा कचेरीतल्या साहेबांनी त्यांची सही बघितली, हात बघितला आणि नीट समजावून सांगितलं: आता तुमच्या नावे होणं कठीण आहे. वारसाच्या नावे करून घ्या, नाहीतर बंदूक जमा करा. ती मग परत मिळणार नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. बंदूक खुंटीवरून जाणार, हे त्यांना घरातलं माणूस जाण्यासारखंच होतं, आणि मला तेव्हा त्यांच्याकडे बघवेना.

मुलगा नव्हता, म्हणून थोरल्या जावयाला विचारलं. तो कसाऱ्याला रेल्वेत. "ड्यूटीचा काय टाइम नसतो मामा, भाताची राखण मी कवा करू?" म्हणाला. मधल्याची कल्याणला बिल्डिंगीत जागा. बायको घरात बंदुकीचं नावही काढू देईना. राहिलो मी, आवाजाला न हलणारा एकमेव जावई. पण माझ्या नावे परवाना नसताना माझ्या हाती बंदूक द्यायची कशी? म्हणून सासऱ्यांनी मला शिकवायला मुसळ दिलं. सलग कित्येक संध्याकाळी मी, मुरबाडच्या शाळेचा चित्रकलेचा शिक्षक, मुसळ खांद्याला लावून बांधावर उभा असे आणि माझे विद्यार्थी बैलगाडीतून जाताना मला नमस्कार करत. शेवटी एके दिवशी सासऱ्यांनी माझ्या तोंडासमोर येऊन निरखून पाहिलं.

"जावईबापू, तुमी डोळं मिटता."

"हे मुसळ आहे, मामा."

"मुसळाला मिटता, मंग बंदुकीला काय कराल?" मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पोहे खायला आलेले तवा पन मिटलेले?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातातून मुसळ हळूच काढून घेतलं. रागावले नाहीत, बिबट्याकडे बघितलं असेल तसं माझ्याकडे बघितलं आणि घरात आले.

माझी बायको चुलीपाशी होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि म्हणाली, "बाबा, आख्ख्या गावात विचारून झाला. मला कवा विचारलाव?"

त्यांना कळेचना. "तुला?"

तिने त्यांच्या हातातलं मुसळ घेतलं, जमिनीवर उभं धरलं आणि सुरुवात केली. दारू किती, बोळा कसा, पहिल्यांदा हळू ठासायचं, मग जोराने, तोंड कधी नळीवर आणायचं नाही, टिकली सगळ्यांत शेवटी, ती बसली की कुणाशी बोलायचं नाही. लहानपणापासून ती त्यांच्यामागे चिंध्यांचं गाठोडं घेऊन बांधावर जात होती. त्या बंदुकीला तिने कधी हात लावला नव्हता, पण त्यांचा एकूण एक हात तिला पाठ होता. दोन ठासण्यांच्या मध्ये ते नाक ओढत असत, तेसुद्धा तिने केलं. मग मुसळ खांद्याला लावून ती डोंगराकडे वळली. तिचे डोळे सताड उघडे होते. माणसाने तीन जावई पारखावेत आणि घरातलं माणूस पारखायचं राहून जावं, हे सासऱ्यांना फार लागलं असावं. "भाकरी करपंल गो," एवढंच म्हणाले.

कचेरीत साहेबांनी अर्ज वाचला आणि मान वर केली. "मुलगी?" "वारस," सासरे म्हणाले, आणि असं म्हणाले की पुढचा प्रश्न साहेबांनी विचारला नाही. चौकशी, जाबजबाब, हेलपाटे हे सगळं रीतसर होऊन परवाना माझ्या बायकोच्या नावे झाला. बंदूक हवाली करताना साहेब नेहमीच्या पद्धतीने म्हणाले, "आजोबा, आजपासून ही ताईंच्याच हातात. कळलं ना?"

"कळला," सासरे म्हणाले. आणि त्यांना ते जितकं कळलं तितकं आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. कारण त्या दिवसापासून त्यांनी बंदुकीला बोट लावलं नाही. बायको तेल लावायला बसली की ते हातभर लांब बसून सांगत, "तिथं राहिला, खालच्या अंगाला." तिने पहिला बार काढला तेव्हा ते तिच्या मागे हात पाठीशी बांधून उभे होते. धक्का तिच्या खांद्याला बसला आणि मागे गेले ते सासरे. बायको कितीदा म्हणाली, "धरा ना बाबा, इथं कोण बघतंय?" ते मान हलवत. रात्रीतून उठून कधीतरी हात फिरवत असतील, असं मला वाटायचं. पण मी पाहिलेलं नाही, आणि आता वाटतं, त्यांनी तसं केलं नसणार.

पुढच्या हंगामात, भात कापणीला आलं असताना, एका दुपारी परतीचा पाऊस अचानक आला. मी शाळेतून सायकल दामटत घरी पोचलो तर सासरे ओटीच्या अगदी कडेला, पावसाकडे पाठ करून बसलेले. अंगावरचं घोंगडं दोन्ही हातांनी पंखांसारखं पसरलेलं, पाठ भिजून चिंब, टोपीतून पाणी ठिबकतंय. त्यांच्यासमोर गोणपाटावर, नुकतं तेल लावलेली बंदूक कोरडी ठणठणीत होती. बायको बंदुकीला तेल लावता लावता म्हशीच्या मागे धावली होती, म्हैस सुटली म्हणून, आणि तिकडेच अडकली होती.

"मामा, उचलून आत का नाही नेली?"

"परवाना तिचा हाय."

"मग मी नेतो."

"तुमचा पन नाय."

तेवढ्यात बायको धावत आली. एकदा बंदुकीकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि बंदूक ओलांडून ती त्यांच्यापाशी गेली. त्यांची टोपी काढली आणि पदराने त्यांचं डोकं पुसायला लागली.

"आधी तिला बघ गो," ते म्हणाले.

"ती कोरडी हाय, बाबा."

घोंगडं धरलेले हात हळूहळू खाली आले आणि मान खाली घालून त्यांनी डोकं पुसून घेतलं. त्यांचा मला वाटणारा धाक त्या दिवशीही गेला नाही, उलट वाढलाच. फक्त मला त्यांच्या शेजारी बसावंसं वाटलं, आणि मी बसलो.