मैनेचे कान

नारायणगावच्या स्टँडवर एसटीतून उतरले तेव्हा धुकं होतं आणि त्या धुक्यातून टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो एकामागून एक सरकत होते. नागपूरहून इथवर मी आले होते ती एका घोडीसाठी.

माझं काम नागपुरात बऱ्याच जणांना माहीत आहे. उड्या मारणाऱ्या, लांब पल्ल्याला पळणाऱ्या घोड्यांचं शरीर मी घडवते. चारा किती, मेहनत किती, विश्रांती किती, घाम आल्यावर काय करायचं, श्वास कधी खाली यायला हवा, हे सगळं पाहते. पण जुन्नर-आंबेगावकडची घोडी मी कधी हाताळली नव्हती. आमच्या विदर्भातल्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बैलजोडी एकटीच धावते. इकडे शर्यतीच्या गाड्याला चार बैल जुंपतात आणि त्यांच्या पुढे स्वार घेऊन एक घोडी पळते. बैल तिच्यामागे सुटतात. घोडी अडखळली, तर मागचे बैल थांबत नाहीत.

न्यायला बाळासाहेब आले होते. पिंपळवंडीचे शेतकरी, मध्यम वयाचे, डोक्याला लोकरीची कानटोपी. घोडी त्यांची, नाव मैना. तिच्यावर स्वार होते ती त्यांची कॉलेज संपवलेली मुलगी तेजश्री.

"लई चांगली पळत व्हती, मॅडम," पिकअप चालवताना ते म्हणाले. "दिवाळीपासून काय झालंय कळंना. खाती कमी, वाळत चाललीय. मागच्या सरावात शेवटाला पाय टाकला आन् आडवी झाली. पोरगी बैलांच्या पुढं पडली. वाचली, दैव म्हणायचं."

"मग तिला पळवायचं तरी कशाला?"

"मी हेच म्हणतो. पण तेजू ऐकत न्हाई. म्हणती, मैना न्हाई तर मी न्हाई. म्हणून तुमाला बोलावलं. तुमी न्हाई म्हणा, तर ती ऐकंल."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता, इतका उंच की रस्ता त्याच्यातून कापून काढल्यासारखा वाटत होता. बाळासाहेबांचं घरही तसंच, तिन्ही बाजूंनी उसात. घोडीचा गोठा मागच्या अंगाला होता. गोठा आणि ऊस यांच्यामध्ये एक गाडी जाईल एवढीच वाट.

दाराच्या खुंटीला चामड्याचा पट्टा लटकत होता, बाहेरच्या बाजूने टोकदार खिळे ठोकलेला.

"कुत्र्याचा का?" मी विचारलं.

बाळासाहेबांच्या पत्नी, मंदावहिनी, हसल्या. "कुत्री संपली, ताई. दोन व्हती. दोनी नेली त्यानं." आणि त्यांनी पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात बांधला, मंगळसूत्राच्या वर, रोजची सवय असावी तसा. "शेतात जाताना घालावा लागतो. बिबट्या मानंलाच धरतो ना. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला शेळीगत दिसतं म्हणत्यात."

त्या पट्टा घालूनच चूल पेटवायला बसल्या, कारण पुन्हा बाहेर जायचंच होतं. त्यांनी मला मासवडी वाढली (नावात मास असलं तरी बेसनाची गुंडाळी, आत तीळ, खोबरं आणि लसूण, सोबत जाळ रस्सा). रस्सा तिखट होता, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि सगळे हसले. पण जेवताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा मागच्या दाराकडे जात होतं. दारातून मैना दिसत होती. पुढ्यात हिरवा चारा होता आणि ती त्याला तोंड न लावता उसाकडे पाहत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आम्ही घाटावर नेलं (घाट म्हणजे शर्यतीचा चढता पट्टा). छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधला. थंडीत वाढलेले केस दाट असल्यामुळे तो ठोके पकडेना, शेवटी पाण्याने सगळं अंग ओलं केलं, आणि त्या नादात मी स्वतः चिखलात बसले. तेजश्रीने तिला आधी चालवलं, मग दुडकीवर घेतलं, मग एक सणसणीत धाव. मी मोबाइलवर आकडे पाहत होते. धाव संपल्यावर ठोके झरझर खाली आले. हिरड्या गुलाबी, पाय थंड, कुठे सूज नाही. आजारी घोडीचे ठोके असे उतरत नाहीत.

दुसरी धाव मात्र अर्ध्यात मंदावली. दम चांगला होता, पण अंगात काही शिल्लक नव्हतं.

"ही रोज किती पळते?" मी विचारलं.

"एक दिवसाआड. तेवढंच," तेजश्री म्हणाली. "बाकी वेळ नुसती उभी असती, मॅडम."

मी पट्टा काढला नाही. घरी आल्यावरही तो मैनेच्या अंगावर तसाच ठेवला आणि गोठ्यात पालथं घमेलं घेऊन बसले. दुपारपर्यंत ठोके चाळिशीच्या आसपास होते. ठीक होतं.

उन्हं कलल्यावर मंदावहिनी विळा घेऊन वैरणीला निघाल्या. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, डोक्यावर पदर. उसाला लागून बांध आहे, त्या बांधावरून त्या हळूहळू चालल्या होत्या. तेवढ्यात माझ्या हातातल्या आकड्यांनी उसळी घेतली. साठ. ऐंशी. शंभराच्या वर.

मी मान वर केली. मैना हलली नव्हती. तिचं चघळणं अर्ध्यात थांबलं होतं, तोंडातून गवताची काडी लोंबत होती. दोन्ही कान उसावर रोखलेले. आणि ते कान हळूहळू सरकत होते, डावीकडून उजवीकडे, जणू एखाद्या चालणाऱ्या माणसाच्या मागावर.

ती वहिनींकडे पाहते आहे असं मला आधी वाटलं. मग दिसलं की वहिनी पुढे होत्या. कानांचा रोख त्यांच्या थोडा मागे होता. आणि आत होता, उसाच्या आत.

वहिनी थांबल्या. कान आणखी किंचित सरकून थांबले. वहिनी चालू लागल्या. क्षणभराने कानही निघाले.

वारा नव्हता. उसाचं एक पान हलत नव्हतं. चिमण्यांचा आवाज कधी बंद झाला तेही मला कळलं नव्हतं.

वहिनी गवत कापायला वाकल्या.

मैनेचे कान एकदम वहिनींच्या दिशेने सरकले, भराभर. मी ओरडले, "वहिनी, उभ्या राहा! सरळ उभ्या राहा!"

त्या दचकून ताठ झाल्या, विळा घेऊन वळल्या. समोर काहीच नव्हतं. फक्त स्तब्ध उसात एकच कांडं लवून परत आलं, डोललं, आणि थांबलं.

माझ्या हातातला आकडा उतरू लागला. मैनेने लोंबणारी काडी तोंडात ओढली आणि चघळायला सुरुवात केली.

बाळासाहेब धावत आले. बांधाच्या पलीकडे उसात पाण्याचा पाट होता, त्याचा चिखल ओला होता. बांधावर वहिनींच्या चपलांचे ठसे, आणि पाटात, अगदी त्यांना समांतर, पंज्यांचे. जिथे वहिनी थांबल्या होत्या तिथे पंजेही थांबलेले, एकमेकांशेजारी, खोल रुतलेले. बाळासाहेब खाली बसले, लगेच आठवण होऊन उभे राहिले.

"हे नुसते आजचे न्हाईत," ते हळू म्हणाले. "खाली बघा. वाळलेले बी हायेत. त्याच्या खाली आणखी."

रोज वहिनी या बांधावरून जात होत्या. रोज तो सोबत येत होता. आणि रोज मैना गोठ्यात उभ्या उभ्या हे ऐकत होती. ती वाळत का होती ते मला आता कळलं. घाटावर ती एक दिवसाआड पळत होती. घरी मात्र तिचं काळीज रोज, खुंट्याला बांधलेलं असताना, शर्यत पळत होतं.

वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावून गेली. मी सांगितलं, मैनेला इथून हलवा, ती सुधारेल. आंबेगाव तालुक्यात घोडेगावला वहिनींचे भाऊ राहतात, तिथे मोकळं रान आहे.

सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "न्या. घोडी जगंल. पण ताई, तिला नेल्यावर मला कोण सांगणार, तो कुठंय ते?"

मी घोडीसाठी आले होते आणि घोडीचा इलाज मला माहीत होता. त्या इलाजाने दुसरं कुणीतरी उघडं पडणार होतं, हे मला चुलीपुढे बसून कळत होतं.

उत्तर बाळासाहेबांनी दिलं. "ऊसच न्हाई ठेवत." कारखान्याची तोड यायला अजून अवकाश होता. तरी त्यांनी भावकीतली माणसं बोलावली आणि दुसऱ्या दिवशी घराभोवतीचा ऊस चाऱ्यासाठी तोडायला घेतला. कडेने सुरुवात करून सगळे आत सरकत होते, डबे वाजवत. उसाचा चौकोन लहान लहान होत गेला. मैनेचा लगाम धरून मी उभी होते. तिचे कान त्या चौकोनावर होते. शेवटची रांग उरली तेव्हा माणसांनी कोयते उगारून धरले.

रांग पडली. आत कोणी नव्हतं.

पण जमिनीवर एक जागा होती, दोन माणसं बसतील एवढी. पाचट दबून दबून चटईसारखं गुळगुळीत झालेलं. तिथे दोन कुत्र्यांचे पट्टे पडले होते, एकाला घुंगरू. तेजश्रीने ते उचललं आणि लगेच मुठीत धरलं, वाजू नये म्हणून.

वहिनी त्या जागेवर उभ्या राहिल्या आणि तिथून दिसतं काय ते त्यांनी पाहिलं. समोर सरळ स्वयंपाकघराचं मागचं दार होतं आणि मोरी.

"मी रोज हिकडं तोंड करून भांडी घासत्ये," त्या म्हणाल्या.

पिंजरा रिकामाच राहिला. बिबट्या कुठे गेला असेल असं मी विचारलं, तेव्हा एका म्हाताऱ्याने हाताने शेजारचा ऊस दाखवला, त्याच्या शेजारचा दाखवला, आणि हात खाली घेतला.

मैना घोडेगावला गेली. माझा मुक्काम लांबला. तिथे पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी वहिनींच्या भावाने बोंब ठोकली, "घोडी मेली!" आम्ही धावलो. मैना रानात लांबलचक आडवी पडली होती, पाय ताणून, मान टाकून. तेजश्री तिच्या अंगावर पडून रडायला लागली, आणि मैना घोरली. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण असा आडवा पडून झोपतो तो निर्धास्त असेल तेव्हाच. तेजश्री डोळे पुसत म्हणाली, दिवाळीपासून तिला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मग काम सोपं होतं. सकाळी भीमाशंकरच्या रस्त्याकडच्या चढावर चालणं, मग दुडकी, एक दिवस मेहनत, एक दिवस नुसतं चरणं. ती सुधारावी म्हणून घरचे करत होते तो अंडी-तुपाचा मारा बंद, भिजवलेले हरभरे मोजके, मीठ आणि पाणी भरपूर. बरगड्या झाकल्या, मानेवर गोलाई आली. पिंपळवंडीला घर आता उघड्या रानात उभं होतं, आणि बाळासाहेब वहिनींना एकटं जाऊ देत नव्हते. मी तेजश्रीला 'पळ' म्हणाले.

यात्रेतल्या शर्यतीच्या दिवशी घाटाच्या दोन्ही अंगांना माणूसच माणूस होता. हलगी, भंडारा, लाउडस्पीकरवर ओरडणारा निवेदक. वहिनी माझ्याशेजारी उभ्या होत्या, हात घट्ट धरून. गाडा सुटला. चार बैल, त्यांच्यापुढे मैना, तिच्यावर वाकलेली तेजश्री. इतकी सरळ, इतकी मोकळी धाव मी क्वचित पाहिली आहे.

अर्ध्या घाटात मैनेचा एक कान बाजूला वळला, गर्दीच्या पलीकडे, जिथे ऊस सुरू होत होता. वहिनींची नखं माझ्या मनगटात रुतली. बैल मागे आलेच होते. मग कान पुढे आला आणि मैना निशाणाच्या पार गेली.

तेजश्री उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. "मॅडम, मधी तिचं अंग थरारलं. मी म्हणलं, मैने, मी हाय. तवा गेली फुडं."

"एवढ्या गर्दीत? एवढ्या आवाजात कुठलं जनावर येतंय?" बाळासाहेब म्हणाले. पण ते उसाकडे पाहतच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. एसटीत खिडकीशी बसून विचार करत होते. इतकी वर्षं मी घोड्यांच्या काळजाचे ठोके मोजले आणि त्यांवरून त्यांची ताकद सांगितली. घोडी कमजोर नव्हती. तिला कुणी न सांगितलेलं काम ती करत होती, घरातल्या बाईवर पहारा ठेवत होती, आणि दोरीने बांधलेली असल्यामुळे तिच्याजवळ पळायला पाय नव्हते, नुसतं काळीज होतं. त्या गावांत अजून कितीतरी गोठे उसाला लागून आहेत. तिथे गाई आहेत, शेळ्या आहेत. त्यांचे कान कुणीकडे आहेत, ते बघायला कुणाला वेळ आहे?

नारायणगावच्या अलीकडे कांद्याच्या वाफ्यात एक बाई खुरपत होती. एकटी, वाकलेली, पाठ उसाकडे. बाजूला एक शेळी बांधलेली होती. शेळी चरत नव्हती.

मी जागेवरून उठून खिडकीच्या गजांना धरून ओरडले, "बाई, उभ्या राहा!"

गाडी खडखडत पुढे गेली. "काय झालं, ताई? स्टॉप फुडं हाय," कंडक्टर म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. धूळ उडाली होती, आणि तिला ऐकू गेलं की नाही ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही.