रेवाच्या तळहातावरचं गुलाबी दूध

टॅक्सी अंगणात उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, आणि आई चमचाभर दही-साखर घेऊन माझ्यासमोर उभी. मी तळहात पुढे केला. "चाट. पुसू नको," ती म्हणाली. नव्या ड्रेसला डाग नको म्हणून मी रुमाल शोधत होते, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. निघताना "जाते" नाही, "येते" म्हणायचं, हे तर लहानपणापासून अंगात मुरलेलं. तसं म्हणाले आणि नवऱ्याच्या नोकरीपायी वसईजवळच्या उमेळ्याहून निघून थेट कोरियातल्या सुवनला जाऊन पडले.

तुमच्यापैकी जे असे निघून गेलेत त्यांना वेगळं सांगायला नको. पहिली दोन-तीन वर्षं माणूस तिथे राहतच नाही, नुसता आठवणी काढत बसतो. नवऱ्याचं काही महत्त्वाचं प्रेझेंटेशन असलं की मी खालच्या दुकानातून व्हॅनिलाचं योगर्ट आणून त्याच्या हातावर ठेवायचे. तो चाटायचा बिचारा. मग रेवा झाली. तिला दूध अजिबात चालत नाही असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दूध, दही, तूप, लोणी, सगळं बंद. फोनवर आईला सांगितलं तर ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "ताकसुद्धा नाय?" म्हशीच्या धारा काढत जिचा जन्म गेला, तिच्या नातीला दूध चालू नये! म्हैस केव्हाच गेली म्हणा. गोठ्याच्या जागी आता शेजारच्या बिल्डिंगच्या गाड्या उभ्या असतात.

रेवा दोन वर्षांची असताना आम्ही पहिल्यांदा उमेळ्याला आलो. महिनाभर आईनं डोळ्यांत तेल घालून पथ्य सांभाळलं. आणि निघायच्या दिवशी, गाडी दारात लागलेली, सगळ्यांची रडारड चाललेली, तेव्हा तिनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली, नवऱ्याच्या हातावर ठेवली, आणि खाली रेवाचा चिमुकला हात पुढे आलेला, त्यावरही ठेवली. आम्ही सगळे तिथेच उभे होतो. एकाच्याही डोक्यात आलं नाही. निघताना हातावर दही पडतं ते पडतंच, त्यात विचार कोण करतो? महामार्गाला लागेपर्यंत पोरीचे ओठ सुजले. विमान राहिलं बाजूला, आम्ही हॉस्पिटलात. देवाची कृपा, पोर वाचली.

कोणी आईला शब्दानं बोललं नाही. पण तिनं स्वतःला काय ते सांगून टाकलं होतं. त्या दिवसापासून तिनं रेवाला स्वतःच्या हातानं काही म्हणजे काही दिलं नाही.

या जानेवारीत पुन्हा आलो. रेवा आता सात वर्षांची. आईनं तिच्यासाठी नवं पातेलं, नवा चमचा, नवा ग्लास आणून त्यांना लाल दोरा बांधून फडताळात वेगळं ठेवलं होतं, दुधाचा हात लागू नये म्हणून. आणि इतकं करून जेवायच्या वेळी ताट माझ्याकडे सरकवायची. "तू दे तिला." केळं सोलायची तेही माझ्या हातात. चौथ्या दिवशी रेवानं मला मोरीपाशी गाठून हळूच विचारलं, "आजी माझ्यावर रागावलीये का?" हिला काय सांगू आणि तिला काय!

त्याच संध्याकाळी वसई रोडच्या बाजारात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसली. रेवा नाचायलाच लागली. सुवनला हिवाळ्यात घरोघरी एक पेय करतात, त्तालगी-उयू: तळाशी साखरेत मुरलेली स्ट्रॉबेरी, वर गारेगार दूध. रेवाला मी सोयाच्या दुधात करून देते, नाहीतर ती मैत्रिणींसमोर तोंड पाडून बसते. म्हटलं, इथेही सोयाचा पुडा आणू. आई फणकारली, "वाडीत नारळ असताना पुड्यातलं दूध कशाला?"

मला हेच हवं होतं. म्हटलं, मग तूच काढ.

निम्मी स्ट्रॉबेरी मी साखर घालून काट्यानं ठेचली, निम्मीचे बारीक तुकडे केले. लिंबाचे दोन थेंब, कणभर मीठ. फ्रिजमध्ये दोन तासांत लालबुंद पाक सुटला. इकडे आई विळीवर बसली. दोन नारळ खवले, कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवले, धुतलेल्या फडक्यातून घट्ट पहिलं दूध पिळून दोरा बांधलेल्या पातेल्यात काढलं. मी ग्लास विसळून वळते तो काय, पातेलं गॅसवर आणि दूध रटरटतंय!

"आई, अगं फाटेल!"

फाटलंच. वर तेलाचे डोळे, खाली पाणी, मधे गुठळ्या. जन्मभर नारळाच्या रसातलं कालवण करणारी बाई, तिला का ठाऊक नव्हतं? पण पातेल्यात पांढरं दूध आणि समोर नात. तिचे हात म्हशीच्या घरातले. "कच्चं दूध पोरीला कोन देतं?" ती पुटपुटली आणि एकदम तिचा चेहराच पडला. "बघ. माझ्या हातून हिचं काय धड होतच नाय."

रेवा पातेल्यात डोकावली. "आजी, तू बॉइल केलंस? हे तर थंड असतं!" आणि अशी खदखदून हसली की खाली बसली. "चल, परत करू. मी पिळते." आईनं कोयता उचलला. मग तिसरा नारळ फोडला. फडक्याचं एक टोक आजीच्या हातात, एक नातीच्या, दोघी विरुद्ध बाजूंना पीळ देतायत, ओट्यावर सगळा सडा. मी मधे पडले नाही. ग्लासात आधी लाल पाक, मग तुकडे, वरून हळूच ते पांढरं दूध. "ढवळू नको गं, किती सुंदर दिसतंय," आई म्हणाली. पण ग्लास रेवाला मीच दिला. आईचे हात पदरात होते.

काल आम्ही निघालो. गाडी अंगणात लागली. आई दोन वाट्या घेऊन बाहेर आली, एकीत दही-साखर, दुसरीला लाल दोरा. दोरेवाल्या वाटीत नारळाच्या दुधातली स्ट्रॉबेरी. पहाटे उठून तिनं एकटीनं केलं होतं. रेवानं हात पुढे केला. चमचा हवेतच थांबला. आईनं माझ्याकडे पाहिलं. "देऊ?"

"दे ना, आई."

तिनं तो गुलाबी थेंब रेवाच्या तळहातावर ठेवला. रेवानं चाटला, बोटांसकट. आई तिच्या ओठांकडे बघत होती. मिनिट गेलं, दोन गेली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तरी बघतच होती. ओठ जसेच्या तसे, नुसते गुलाबी. मग आईनं तिला जी मिठी मारली, पाच वर्षांची राहिलेली सगळी एकदम. कोरियातही मुलं शाळेला निघताना घरच्यांना "जाऊन येते" असंच म्हणतात. रेवा रोज तिथल्या दारात म्हणते. काल इथल्या दारात तिनं ते मराठीत म्हटलं. आता तिची दोन घरं झाली, आणि खरं सांगायचं तर माझीही.

मी हात पुढे केला तर आईनं दह्याचा चमचा उचलला. म्हटलं, मलाही तेच दे, गुलाबी.

"तुला तं दही चालतं की."

"चालतं. पण आज तेच दे."

दिलं. मी हात पुसला नाही.