पार्किंगमधलं स्टूल

पानांवर मी आकडे घातले आहेत, एक ते सहा. हे पत्र तुम्हाला तुमचे बाबा वाचून दाखवतील आणि मधलं एखादं पान गाळायला बघतील. तेव्हा आकड्यांवर लक्ष ठेवा.

गेल्या आठवड्यात फोनवर ते मला म्हणाले, "आई, या वयात तू कचऱ्यावरून भांडतेस? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "विचारून ठेव लोकांना, आणि मला कळव."

मग फोन तुमच्या हातात आला आणि धाकट्याने विचारलं, "आजी, तू खरंच गेटवर ओरडलीस?" तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि उत्तर राहिलं. उत्तर असं आहे की मी ओरडले नाही. मी ओरडत नाही. पण भांडले, आणि अजून भांडते आहे. कशासाठी, ते नीट सांगते, कारण यात पहिली चूक माझीच आहे आणि ती तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकू नये.

राजाजीनगरच्या आमच्या या इमारतीत बारा घरं. कचऱ्याचा नियम गावभर एकच: ओला रोज द्यायचा, सुका आठवड्यातून दोनदा, आणि तिसरा, जो कुणालाच नको असतो, तो वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल फुली मारून वेगळा ठेवायचा. ओला म्हणजे सालं, देठं, पानात उरलेलं. सुका म्हणजे कागद, पुठ्ठा, बाटल्या, विसळून वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. तिसरा म्हणजे डायपर, जखमेच्या पट्ट्या, दाढीची पाती, सुया. सकाळी सातला ओल्याची गाडी गाणं वाजवत येते. ते गाणं तुम्ही मागच्या सुट्टीत पाठ केलं होतं आणि जेवताना म्हणून दाखवलं होतं, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सुक्या कचऱ्यासाठी बुधवारी आणि शनिवारी अक्का येते. ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान आहे, पण इथे आम्ही अशा बाईला अक्काच म्हणतो, आणि ती मला अम्मा म्हणते. अकरा वर्षं ती गेटजवळ, मीटरच्या पेट्यांखाली, एका लाकडी स्टुलावर बसून बारा घरांचं सुकं वेगळं करते. तुम्हाला वाटेल, त्यात काय करायचं? मीही तसंच समजत होते. मग एकदा तिच्याशेजारी उभी राहून पाहिलं. दुधाच्या पिशव्या एका पोत्यात, जाड प्लास्टिक दुसऱ्यात, पाण्याच्या बाटल्या तिसऱ्यात. आणि प्रत्येक बाटलीचं झाकण फिरवून काढायचं, कारण झाकणाचं प्लास्टिक वेगळं आणि ते वेगळंच विकलं जातं. बाटलीत काही उरलं असेल तर ती उपडी करून रिकामी करायची. डोळे दुसरीकडे असले तरी हात चालू असतात. हे विकून तिचं घर चालतं. पालिका तिला काही देत नाही.

आता माझी चूक.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं काम केलं, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या बाबांच्या खेळण्यांच्या खोक्यांवरसुद्धा मी नावाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. इन्सुलिन सुरू झालं तेव्हा माझ्यापुढे प्रश्न आला, वापरलेल्या सुया ठेवायच्या कशात? वर्तमानपत्राची पुडी आणि वर लाल फुली, हे मला गावठी वाटलं. पुडीतून सुई बाहेर येईल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण खरं कारण दुसरं होतं. फुली मारणं हे मला लिहिता न येणाऱ्याचं काम वाटलं. मला लिहिता येत होतं ना! मी सरबताची जाड प्लास्टिकची बाटली घेतली, तीत सुया टाकत गेले, आणि बाहेर एक सुरेख चिठ्ठी चिकटवली. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, दोन ओळी: आत धारदार वस्तू आहेत, उघडू नये. वर पारदर्शक चिकटपट्टी लावली, अक्षरं भिजू नयेत म्हणून.

बाटली भरली तेव्हा एका बुधवारी ती मी खाली नेली आणि तिसऱ्या कचऱ्याच्या पिशवीवर उभी करून ठेवली. चिठ्ठी समोरून दिसेल अशी. आणि मी वर येऊन कॉफी केली.

अक्काला इंग्रजी वाचता येत नाही. कन्नडही ती अडखळतच वाचते. तिला दिसली ती एक चांगली, जाड, स्वच्छ बाटली, जी कुणीतरी चुकून वाया जाणाऱ्या पिशवीवर ठेवली होती. तिने ती उचलली, झाकण फिरवलं आणि सवयीप्रमाणे तळहातावर उपडी केली.

मला वॉचमनने हाक मारली. मी खाली गेले तेव्हा ती नळाखाली हात धरून उभी होती आणि पायाशी माझ्या सुया पसरल्या होत्या.

"स्वल्प टोचलं, अम्मा. एनू इल्ला," ती म्हणाली. म्हणजे थोडंसंच, काही नाही. वर मलाच धीर दिला, "तुम्ही का घाबरता? बसा."

मी त्याच स्टुलावर बसले. ती बाटली माझ्या हातात दिली तिने. त्या चिठ्ठीवरचं एकही अक्षर भिजलं नव्हतं.

दवाखान्यात यायला ती तयार नव्हती. अजून चार इमारती राहिल्या होत्या. मी रिक्षा थांबवून आत बसले आणि म्हटलं, "तू येईपर्यंत मी इथून उतरत नाही, आणि मीटर चालू आहे." मग आली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तिचं रक्त तपासायला घेतलं. मी माझाही हात पुढे केला. सुया माझ्या होत्या, तेव्हा माझ्या रक्तात काय आहे हे तिला कळायलाच हवं होतं. माझा रिपोर्ट मी तिला कन्नडमध्ये वाचून दाखवला, ओळ न ओळ. तिला काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा काही निघालं नाही. पण त्या मधल्या आठवड्यांत मी कशी झोपले ते इथे लिहीत नाही.

इथवरची गोष्ट माझ्या लाजेची. पुढची तशी नाही.

त्याच महिन्यात इमारतीची बैठक झाली, खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. आमचा सेक्रेटरी पुण्याहून आलेला मुलगा. बेळ्ळंदूरला ऑफिस, जायला दीड तास, यायला दोन. वाईट नाही. मला दिवाळीला चिवडा आणून देतो. त्याने लॅपटॉप उघडला आणि सांगितलं की एक खाजगी ठेकेदार मिळाला आहे. सगळं एकाच काळ्या पिशवीत टाकायचं आणि दारात ठेवायचं. ओलं, सुकं, तिसरं काही बघायचं नाही. पुढचं तो बघेल. आणि पहिल्या तारखेपासून गेटजवळ कुणी बसून कचरा निवडणार नाही.

"काकू, बेसिकली हे तुमच्याच इन्सिडंटमुळे," तो म्हणाला. "सेफ्टीचा प्रश्न आहे. उद्या त्या बाईला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी," मी म्हटलं. "सुया माझ्या होत्या, हे मी गेल्या आठवड्यात ग्रुपवर लिहिलं आहे. चूक मी केली आणि जागा तिची जाणार?"

"तसं नाही, काकू. पण तिने बाटली उघडायलाच नको होती ना? वर क्लिअरली लिहिलं होतं."

"कुणासाठी लिहिलं होतं रे? तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी. आपण दोघांनी कधी कुणाची बाटली उघडली आहे?"

तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर हसले. बाकीचे घड्याळं बघत होते.

"आणि मला सांग," मी विचारलं, "काळ्या पिशवीत सुई गेली तर ती पिशवी उघडणाऱ्याला कुठे टोचेल?"

"ते त्यांच्या एंडला असेल, काकू. आपल्याकडे नाही."

तो खोटं बोलत नव्हता. बहुतेकांना हवं होतं ते एवढंच, की जे होईल ते आपल्या गेटबाहेर होवो. हात वर झाले. दहा होकार, एक तटस्थ, एक मी.

पहिल्या तारखेला ठेकेदाराची माणसं आली. मी तीन डबे घेऊन दारात उभी. तो माणूस हिंदीत म्हणाला, "आंटी, सब इसी में डाल दो." मी ओला दिला नाही, सुका दिला नाही, काहीच दिलं नाही. सात वाजता पालिकेची गाडी गाणं वाजवत आली तेव्हा ओला डबा घेऊन स्वतः खाली गेले. रोज गेले. ड्रायव्हर आता मला बघून गाणं बंद करतो आणि म्हणतो, "बंद्रा अम्मा," आलात का.

सुकं मात्र घरात साठायला लागलं, कारण वॉचमनला हुकूम होता की अक्काला आत सोडायचं नाही. आधी बाल्कनी भरली. मग तुमची खोली. मोठीच्या पलंगावर पुठ्ठे, धाकट्याच्या पलंगावर बाटल्या, झाकणं काढून वेगळी. तुमचे बाबा व्हिडिओवर ते बघून हादरले, आणि तिथूनच "या वयात" सुरू झालं. मला सांगितलं गेलं की मी हट्टीपणा करते आहे. मग काय करतात या वयात? ज्या बाईला मी सुई टोचली तिची जागा गेली म्हणून हळहळायचं आणि काळी पिशवी दारात ठेवायची? ते मला जमलं नाही. जमायलाही नको.

तीन आठवडे गेले. अक्का एकदा गेटबाहेर भेटली. मी विचारलं, कसं चाललंय. ती म्हणाली, "सरी आहे, अम्मा," म्हणजे ठीक, "चार इमारती आहेत अजून." पण त्या चारांपैकी दोन इमारतींनी आमच्याच ठेकेदाराला बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. आमचं बघून.

त्याच संध्याकाळी मी कपाट उघडलं आणि घराचं खरेदीखत काढलं. पार्किंगची एक जागा, तळमजला, क्रमांकासकट, माझ्या नावे. आजोबा गेल्यावर गाडी विकली. तेव्हापासून जागा रिकामी. तिथे तुम्ही मागच्या खेपेला क्रिकेट खेळलात आणि मीटरची काच फोडलीत, तीच.

शनिवारी सकाळी ते लाकडी स्टूल मी स्वतः ओढत माझ्या जागेत नेलं. शेजारी तिच्या पोत्यांसाठी खडूने चौकोन आखला. वॉचमनला खरेदीखताची प्रत दाखवून सांगितलं, "माझ्याकडे पाहुणी येते आहे. माझ्या जागेत बसेल."

अक्का आली. आधी उभीच राहिली. "बेडा अम्मा," नको, म्हणाली, "तुमचे लोक भांडतील तुमच्याशी."

"भांडू देत. तू बस."

ती बसली. तुमच्या खोलीतला तीन आठवड्यांचा ढीग वॉचमनने आणि मी चार फेऱ्यांत खाली आणला.

सेक्रेटरी शनिवार म्हणून घरीच होता. हाफ पँटीत खाली आला.

"काकू, प्लीज. पार्किंग हे कारसाठी असतं."

"बरोबर. तुझ्या जागेत एक जुना फ्रिज, दोन गाद्या आणि बाळाचा पाळणा आहे. आधी तो फ्रिज चालवून दाखव, मग मी स्टूल हलवते."

अक्काला मराठी येत नाही, पण ती हसली. तोही हसला, पण हसू दाबून. मग मला इमारतीच्या कागदावर पत्र आलं की स्टूल सात दिवसांत हलवावं. मी इंग्रजीत उत्तर दिलं, परिच्छेदांना क्रमांक घालून: घरीच वेगळा करून कचरा देणं हा गावाचा नियम आहे, तो बारा घरांच्या बहुमताने बदलत नाही, आणि स्टूल हलणार नाही. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

मागच्या बुधवारी आणखी एक गोष्ट झाली. सेक्रेटरीची बायको, कडेवर बाळ, माझ्या जागेजवळ आली आणि एक पिशवी ठेवून गेली. आत विसळलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या. वेगळी एक वर्तमानपत्राची पुडी होती, डायपरची, पण तिच्यावर खूण नव्हती. मी तिला परत बोलावलं आणि खांबाला दोरीने बांधलेली लाल पेन्सिल दाखवली. तिने फुली मारली. आता माझ्यासकट चार घरं आहेत. आठ अजून काळ्या पिशवीत आहेत, आणि मी रोज सकाळी त्या पिशव्यांकडे अशी बघते की लोक दार लवकर लावून घेतात.

माझ्या सुयांसाठी आता पत्र्याचा डबा आहे. झाकण पक्कं बंद केलेला. त्यावर एकही शब्द नाही. चारी बाजूंनी आणि झाकणावर लाल फुली आहे, मी मारलेली, आणि तो मी खाली ठेवून येत नाही, अक्काच्या हातात देते आणि तोंडाने सांगते. ती डबा हलवून आवाज ऐकते, मान डोलावते आणि बाजूला ठेवते.

डिसेंबरात याल तेव्हा तुमचे पलंग मोकळे असतील. पण क्रिकेट दुसरीकडे खेळा. बुधवारी आणि शनिवारी ती जागा रिकामी नसते.