प्लगांचा डबा

पोळ्याला बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी माणसं सुटतात. हे मी चिडूनच सांगते आहे, आणि चिडायचा मला पूर्ण अधिकार आहे, कारण मी महाल या जुन्या वस्तीत वाढले आणि ही सुटलेली माणसं मी दारात उभी राहून पाहिली आहेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. सकाळी मारबतीची मिरवणूक, दुपारी घरोघरी मटण, आणि संध्याकाळी पोरांचा तान्हा पोळा, म्हणजे चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत गल्लीभर नुसता खडखडाट. आता सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये बाप्यांनी करायचं काय? तर बाप्ये 'मारबत पाहून येतो' असं सांगून घराबाहेर पडायचे. मारबत म्हणजे बांबूकागदाची उंचच उंच बाई. एक पिवळी, एक काळी. गावातली सगळी रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडत लोक तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायला तिला किती वेळ लागणार? पण आमचे बाप्ये तिला दुपार कलेपर्यंत पाहत असत, आणि परत येत तेव्हा त्यांना दोनाच्या चार मारबती दिसलेल्या असत. तोंडाला मोहाच्या दारूचा वास, कपाळाला गुलाल, आणि 'मटण झालं काय वं?' हा प्रश्न. वर त्याच अवस्थेत स्कूटरला किक मारून कोणाला तरी भेटायला जायचं. करीच्या दिवशी कोणाला तरी भेटायची फारच निकड असते बाप्यांना!

आमच्या गल्लीतली पहिली स्कूटर शेजारच्या काकांची. माणूस मोठा हौशी. स्कूटर आली तेव्हा त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला मागे बसवून एक चक्कर मारून आणली होती, माझ्या आईलासुद्धा. आई डोळे गच्च मिटून बसली होती आणि उतरल्यावर म्हणाली, 'मले तं काहीच नाही दिसलं.' एका करीला काका कुही तालुक्यात एका मित्राच्या गावी मटण खायला गेले. परत येताना रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी उभी होती. काकांना ती दिसली नाही. त्यांना आणायला जे गेले होते त्यांनी सांगितलं की बैलांच्या शिंगांना आदल्या दिवशी लावलेला रंग अजून ताजा होता, आणि बैलांना काही झालं नव्हतं. काका तिथंच गेले.

लोक हळहळले. मग दर वर्षी हळहळायचे. कर झाली की पेपरात उमरेड रोडला नाहीतर भंडारा रोडला कोणी ना कोणी गेल्याची बातमी असायचीच, आणि 'अरेरे' म्हणत, त्याच पेपरात उरलेल्या हाडांची पुडी बांधली जायची. मला त्याचा भयंकर संताप यायचा. अजून येतो.

काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी काकू मारबतीच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि सगळ्या गर्दीत खणखणीत आवाजात ओरडल्या, 'दारू घेऊन जा गे मारबत!' बाप्ये हसले. एकानं तर टाळी दिली. मारबत गेली, दारू काही गेली नाही, आणि दुपारी सगळ्यांच्या स्कूटरी नेहमीसारख्याच निघाल्या. काकूंनी ते ओट्यावर बसून पाहिलं आणि बहुतेक तेव्हाच त्यांनी मारबतीचा नाद सोडला.

त्याच्या पुढच्या करीला बाप्ये मारबत पाहायला गेल्यावर काकू हातात पाना घेऊन बाहेर आल्या. काकांच्या स्कूटरबरोबर मिळालेला, प्लग काढायचा पाना. स्कूटर भंगारात गेली होती, पाना घरी होता. त्या काळच्या स्कूटरला चावी असून नसून सारखीच, किक बसली की निघाली. पण इंजिनात ठिणगी पाडणारा तो बोटाएवढा प्लग काढून घेतला की मग तुम्ही कुस्तीगीर असा नाहीतर कलेक्टर, गाडी जागची हलत नाही. काकू गल्लीच्या एका टोकाकडून निघाल्या आणि प्रत्येक स्कूटरचं बाजूचं झाकण उघडून प्लग काढत दुसऱ्या टोकाला पोचल्या. कोणाचा कोणता ते कळावं म्हणून प्रत्येकाला बैल सजवून उरलेला रंगीत दोरा बांधला. लाल दोरा टेलरच्या घरचा, हिरवा कंपाउंडरचा, आमच्या बाबांचा निळा. सगळे प्लग स्टीलच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं, काकूंच्या हातचा चहा प्यायचा, आपला प्लग घेऊन जायचा.

सुरुवातीला केवढा गहजब झाला! टेलर तर दारात येऊन नाचला. 'काकू, मी घेतच नाही!'

'चांगलं आहे ना गा,' काकू म्हणाल्या. 'मंग इतक्या घाईनं कुठं जाऊन राहिला?'

टेलर आल्या पावली परतला. तो घरी जाऊन मटण जेवला आणि झोपला. दोनचार वर्षांत गल्लीला याची सवय झाली. बायका तर करीच्या सकाळी 'काकू, आमच्याकडचा काढला ना जी?' असं दळण टाकल्यासारखं विचारू लागल्या.

हे सगळं सांगायचं कारण आमचे भाऊजी.

ताईचं लग्न कामठीला झालं. भाऊजी छावणीत नोकरीला होते, अंगानं दांडगे, मनानं मऊ, आणि घेतल्यावर फार शूर. पुष्कळ वर्षं नंबर लावून त्यांना नवी स्कूटर मिळाली आणि त्या वर्षीच्या करीला ते ताईला मागे बसवून आमच्याकडे आले. ताईला तेव्हा सातवा महिना लागलेला. स्कूटरवरून उतरली तीच कंबर धरून. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, भाऊजींनी चहा घेतला, आणि बाबांच्या सोबतीनं ते, काय सांगू, मारबत पाहायला गेले.

काकू नेहमीप्रमाणे पाना घेऊन आल्या. बाबांच्या स्कूटरचा प्लग काढला आणि शेजारच्या नव्याकोऱ्या स्कूटरकडे वळल्या, तर आई आडवी आली.

'काकू, जावयाची गाडी आहे. तिले हात नका लावू.'

'गाडीले काय माहीत जावयाची आहे का कोणाची?'

'त्याहीले माहीत आहे ना! मानपान असते. घरी जाऊन मायजवळ सांगतीन, सासूनं गाडी मोडली म्हणून.'

काकूंनी आईकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, ताईच्या पोटाकडे पाहिलं आणि वळल्या. पाना मात्र जाताना आमच्या ओट्यावर माझ्याजवळ ठेवून गेल्या. विसरल्या नव्हत्या, ठेवला होता. मी कॉलेजात जाणारी मुलगी, एवढं मला कळत होतं.

मी ताईला विचारलं, 'संध्याकाळी तू यांच्या मागं बसणार काय?'

'मंग काय करू? उद्या ड्युटी आहे त्याहीची.'

'नाही म्हण.'

'तुझं लग्न होऊ दे, मंग पाहतो मी तू कशी नाही म्हणतं तं,' ताई म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. भीती वाटत होती तिला. कामठीच्या रस्त्यावरचे मिलिटरीचे ट्रक तिनं येताना पाहिले होते, आणि येताना तर भाऊजी शुद्धीत होते.

मला जो राग आला! आईचा, भाऊजींचा, मानपानाचा, सगळ्यांचाच. आई मसाला वाटायला मागच्या अंगणात गेली तशी मी झाकण उघडलं. काकूंना इतकी वर्षं पाहत होते, पण हात लावला तेव्हा कळलं की ते काम सोपं नाही. पाना निसटला, बोटं सोलली, ओढणी काळी झाली. शेवटी प्लग हातात आला. आता ठेवायचा कुठं? काकूंच्या डब्यात ठेवला तर आई पहिली तिथंच जाऊन मागणार. मी स्वयंपाकघरात गेले आणि वर्षभराच्या हळदीच्या डब्यात खोल खुपसून दिला. पाना काकूंना परत नेऊन दिला, तेव्हा त्या नुसतं 'धुवून घे हात' म्हणाल्या.

भाऊजी दुपारी आले ते बाबांच्या खांद्याला धरून. कोण कोणाला आणत होतं ते सांगणं कठीण. मटण जेवले, आईच्या हाताची तारीफ केली, परत केली, आणि तान्ह्या पोळ्याची पोरं गल्लीत जमायला लागली तसे एकदम उठले. 'चाल वं, निघू.'

'थोडं पडा ना जी,' आई म्हणाली. आता तिचाही आवाज बारीक झाला होता. बाबांनी काही म्हणायचा प्रयत्न केला, पण ते बसल्या जागी अर्धे झोपले होते.

'काही झालं नाही मले. सरळ रेषेत गाडी नेतो, पाहा तुम्ही.'

सरळ रेषेत ते ओट्याच्या पायऱ्याही उतरले नाहीत. ताई पिशवी घेऊन बाहेर आली. आईनं मटणाचा डबा बांधून दिला होता; म्हणजे मुलीला मरायला पाठवायचं, पण उपाशी नाही! भाऊजींनी किक मारली. मग दुसरी मारली. मग मारतच सुटले.

गल्लीतले सगळे बाप्ये ओट्यांवर आले. आपले प्लग डब्यात गेलेले हे लोक, काय झालं ते त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि त्यांनी जी मजा लुटली ती काय सांगू. 'चोक ओढा जी जरा,' टेलर गंभीरपणे म्हणाला. 'तिरपी करा, तिरपी,' कंपाउंडर म्हणाला. भाऊजींनी गाडी तिरपी केली आणि स्वतःही तिरपे झाले. 'कामठीचं पेट्रोल महालात नाही चालत,' कोणीतरी मागून म्हणालं. लाकडी बैलवाली पोरं भोवती गोळा झाली. एवढा मोठा माणूस घामाघूम झालेला पाहून मला हसू येत होतं आणि ताईचा चेहरा पाहून जीव घाबरत होता.

अखेर भाऊजींना झाकण उघडायचं सुचलं. आत प्लगची वायर नुसती लोंबत होती. ते ताठ झाले.

'प्लग कोणं काढला?'

अख्ख्या गल्लीनं एकदम काकूंच्या दाराकडे पाहिलं. सवयीनंच.

भाऊजी तरातरा गेले. काकू उंबऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी मागोमाग धावले, आता खरं सांगून टाकावं की काय अशा विचारात, पण काकूंनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

'काकू, मोठ्या आहे तुम्ही म्हणून बोलत नाही. माझा प्लग द्या.'

काकूंनी झाकण काढून डबा पुढे केला. 'पाहा जी. तुमचा असंन तं घ्या.'

भाऊजींनी डब्यात बोटं घातली. लाल दोरा, हिरवा दोरा, निळा दोरा. सगळे बाजूला सारले. तळाशी एक बिनदोऱ्याचा प्लग होता, काळा पडलेला, वरचा पांढरा भाग तडकलेला. त्यांनी तो उचलला आणि विजयानं सगळ्यांना दाखवला.

'हा पाहा! मी काही गल्लीतला नाही, माझ्या प्लगाले दोरा कोण बांधन? हाच माझा.'

'तो नाही जी,' काकू म्हणाल्या. 'तो आमच्या घरचा आहे.'

'तुमच्या घरी तं गाडीच नाही.'

'होती ना. त्या दिवशी काढाचा राहून गेला.'

वाळत घातलेला कपडा पावसात राहून गेला म्हणावं, तशा त्या म्हणाल्या. आम्हा कोणालाच हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही त्या डब्यातून आपापले प्लग उचलून नेत होतो आणि तळाशी काय आहे ते कोणी पाहिलं नव्हतं.

भाऊजींची उतरली बितरली काही नाही. तसं सिनेमात होतं. त्यांनी तो प्लग दोन्ही हातांनी परत डब्यात ठेवला, ठेवताना एकदा हुकला, मग नीट ठेवला, आणि काकूंच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागले. ताईनं पिशवी खाली ठेवली. तान्ह्या पोळ्याचा एवढा गोंगाट झाला, पण भाऊजी आमच्या बैठकीत सकाळपर्यंत घोरत होते.

सकाळी मी हळदीच्या डब्यातून प्लग काढला. पिवळाधम्मक. आईनं आधी मला धपाटा घातला, 'जावयाच्या गाडीले हात लावतं?' आणि मग मलाच जवळ घेऊन रडली. काकूंनी प्लग केरोसिननं पुसून लावून दिला. ड्युटीला उशीर झाला, पण दोघं नीट घरी पोचले. पुढे भाची झाली.

पुढच्या करीला ते पुन्हा आले, ताई आणि तिच्या मांडीवर भाची. स्कूटर उभी केली आणि घरात यायच्या आधी भाऊजींनी झाकण उघडलं, स्वतःच्या पान्यानं स्वतः प्लग काढला, आणि गरम म्हणून रुमालात धरून काकूंच्या दारी नेऊन दिला.

काकूंना आश्चर्य वाटलं. 'काहून जी, आज घेणार आहे काय?'

'नाही काकू,' भाऊजी म्हणाले. 'पण काढाचा राहून जाऊ नये.'

काकू आत जाऊन डबा घेऊन आल्या. डबा उघडून त्यांनी प्लग आत ठेवला, आणि जावयाला कोणत्या रंगाचा दोरा बांधायचा म्हणून दोऱ्यांच्या गुंत्यात शोधत बसल्या.